मीखलची खिडकी

शास्त्रभाग : २ शमुवेल ६:१-२३



मागे एका रविवारी उपासनेनंतर शब्बाथशाळेच्या शिक्षकांची बैठक भरली होती. नाताळच्या कार्यक्रमाचा विषय निघाला, तेव्हा एका तरुण शिक्षिकेने भीतभीतच विचारले, "काका, या वर्षी मुलांना गिटार आणि ड्रम वाजवू द्यायचे का? मुले फार मागे लागली आहेत." यावर दोघा वडीलधाऱ्यांनी एकदमच उत्तर दिले, "मुळीच नको. हे प्रभूचे मंदिर आहे, ऑर्केस्ट्राचा मंच नव्हे." बिचारीने मान खाली घातली आणि बैठक खाऊच्या पुड्यांच्या विषयाकडे वळली. आम्ही काहीच बोललो नाही. आमच्या गप्प राहण्याला एक जुने कारण होते, ते पुढे सांगू.

त्या रात्री मात्र एका माणसाचे चरित्र आमच्या मनातून जाईना. हा माणूस आपल्यातला नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागातला, कृष्णवर्णीय, रॉक अँड रोल या संगीताचा पाया ज्या चार-सहा जणांनी घातला त्यांच्यापैकी एक. जग त्याला 'लिटल रिचर्ड' म्हणून ओळखते. खरे नाव रिचर्ड वेन पेनिमन. ९ मे २०२० रोजी वयाच्या ८७व्या वर्षी तो वारला. त्या वेळी टाळेबंदीमुळे आपली मंदिरे बंद होती, आणि घरी बसून आम्ही त्याच्याविषयी जे सापडेल ते वाचून काढले होते. त्याच्यासारख्यांचे नाव या पानांत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आमची विनंती एवढीच की शमुवेलाचा वर दिलेला अध्याय उघडून शेजारी ठेवावा आणि मग पुढे वाचावे.

या अध्यायात दोन प्रसंग लागोपाठ येतात. पहिल्यात दावीद कराराचा कोश गाडीवर घालून आणतो आहे, वीणा, सारंग्या, डफ, झांजा वाजत आहेत. नाखोनाच्या खळ्याशी बैल अडखळतात, उज्जा हात लावून कोश सावरू पाहतो आणि जागच्या जागी मरतो. दावीद भेदरून जातो. कोश आपल्या घरी न्यायची त्याला भीती वाटते, आणि तो ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहतो. दुसरा प्रसंग त्यानंतरचा. ओबेद-अदोमाच्या घराला आशीर्वाद मिळाला हे ऐकून दावीद पुन्हा निघतो, आणि या खेपेस तो स्वतः भान हरपून नाचतो. खिडकीतून शौलाची कन्या मीखल ते पाहते आणि मनात त्याचा तिरस्कार करते. आपण व्याख्यानांत बहुधा यांतला एकच प्रसंग निवडतो. तरुणांना धाक घालायचा असला की उज्जा, उत्सव असला की नाचणारा दावीद. पवित्र आत्म्याने मात्र दोन्ही एकाच अध्यायात ठेवले आहेत.

आता रिचर्डकडे वळू. त्याचा जन्म ५ डिसेंबर १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या मेकन या गावी झाला. बारा भावंडांत हा तिसरा. बाप चर्चमध्ये डीकन होता आणि चोरून दारूही विकत असे. अशी घरे आपल्यालाही अगदीच अपरिचित नाहीत. मुलाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. त्याच्या चालण्यावरून पोरे चेष्टा करीत. घरची भावंडे मिळून गावातल्या चर्चांत जाऊन भक्तिगीते म्हणत. त्यांत रिचर्डचा आवाज एवढा तार आणि एवढा मोठा की लोकांनी त्याला लढाऊ ससाण्याचे नाव ठेवले होते. एका चर्चमध्ये तर तो फार ओरडतो आणि स्वर वर वर चढवीत नेतो म्हणून त्याला गाण्यापासून थांबविण्यात आले. वाचकहो, हे वाक्य आम्ही पुन्हापुन्हा वाचले. देवाने ज्याच्या घशात कर्णा बसवून पाठवला, त्याला देवाच्याच घरात सांगण्यात आले की जरा हळू.

हा कर्णा कोठून आला हेही पाहण्याजोगे आहे. रिचर्डच्या गाण्यात मध्येच एक उंच किंकाळीवजा 'व्हू' येतो, तो जगभर प्रसिद्ध झाला. तो त्याने कोणा नाचगाण्याच्या अड्ड्यावर उचलला नव्हता. मॅरियन विल्यम्स या चर्चमध्ये सुवार्तागीते गाणाऱ्या बाईंकडून तो घेतला, असे त्याने स्वतः सांगितले आहे. दुसऱ्या बाई सिस्टर रोझेटा थार्प. या प्रभूची गीते विजेच्या गिटारवर गात. १९४७ साली त्यांचा कार्यक्रम मेकनच्या मोठ्या सभागृहात होता. चौदा वर्षांचा रिचर्ड तेथे कोका-कोला विकत असे. कार्यक्रमापूर्वी तो त्यांचीच गीते म्हणत होता, ती त्यांच्या कानावर पडली आणि त्यांनी त्याला मंचावर बोलावून गायला लावले. वर पैसेही दिले. त्याच थार्पबाईंना क्लबांत जाऊन गातात म्हणून कित्येक चर्चवाल्यांनी नावे ठेवली होती. तेव्हा जे संगीत सैतानाचे म्हणून व्यासपीठांवरून धिक्कारले गेले, त्याचे बाळसे उपासनेच्या बाकांवरच चढले होते. आमचे वडीलधारे मित्र यावर रागावतील, पण इतिहास तसा आहे.

पुढची हकीकत दुःखाची. मुलाचे हावभाव मुलींसारखे आहेत या रागाने बापाने त्याला घराबाहेर काढले. मिसरूडही धड फुटले नव्हते तेव्हा. मेकनमध्येच क्लब चालविणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबाने त्याला आसरा दिला. जॉर्जियात त्या काळी काळे आणि गोरे एका बाकावर बसत नसत, एका चर्चमध्येही नसत. त्या जॉर्जियातली ही गोष्ट आहे. ज्याच्या बापाला डीकनपद होते त्या मुलाला दार उघडले ते क्लबवाल्याने. येथे थांबून आम्ही स्वतःला विचारले की आमच्या मंडळीतून घराबाहेर पडलेली मुले कोणाच्या दारात गेली, याची नोंद आमच्या कोणत्या रजिस्टरात आहे? बाप्तिस्म्याची आहे, विवाहाची आहे, दफनाची आहे.

१९५२ साली बापाचा त्याच्याच क्लबाबाहेर खून झाला. घर चालवायला रिचर्ड बसस्थानकावर भांडी घासू लागला. तेथूनच तो रेकॉर्ड काढणाऱ्यांच्या मागे लागला आणि सप्टेंबर १९५५मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याचे ध्वनिमुद्रण ठरले. सकाळभर गाणी काही रंगेनात. जेवणाच्या सुट्टीत एका खानावळीत त्याने पियानोवर बसून आपले एक अश्लील गाणे दणक्यात म्हटले, आणि निर्मात्याच्या लक्षात आले की हवे ते हेच. डोरोथी लाबोस्ट्री या तरुणीला बोलावून घाईघाईने शब्द धुऊन घेतले. तेच 'टूटी फ्रुटी'. करार असा की एका रेकॉर्डमागे त्याला अर्धा सेंट. पुढच्या दोन वर्षांत तो उभ्या अमेरिकेत आणि बाहेरही गाजला. सभागृहांत काळ्या आणि गोऱ्या श्रोत्यांमध्ये दोर बांधलेला असे. हा पियानोवर पाय ठेवून गाऊ लागला की दोर कोणी पाहत नसे, सारे एकत्र नाचत. आपण याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे. आम्हाला एवढेच दिसते की रविवारी सकाळी चर्चमध्ये तो दोर सुटत नव्हता. अर्थात त्याच दौऱ्यांत मद्य, व्यभिचार आणि पैशाची उधळण यांनी त्याला वेढले होते, हेही तितकेच खरे आहे. रिचर्डने ते कधी लपविले नाही.

मग ऑक्टोबर १९५७ उजाडला. रिचर्ड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. विमानातून जाताना रात्री त्याला इंजिने लालबुंद दिसली आणि देवदूतांनीच विमान धरून ठेवले आहे असे वाटले. पुढे सिडनीच्या उघड्या मैदानात गाताना आकाशातून एक अग्निगोल जाताना दिसला. रशियाने त्याच महिन्यात, ४ तारखेला, स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता. आपण पाहिला तो तोच, असे त्याचे म्हणणे. काहीही असो, त्याला ती देवाची शेवटची सूचना वाटली. त्याने सोबत्यांना सांगितले, मी हे गाणे सोडले. एक वादक थट्टेने म्हणाला, खरे कशावरून? तेव्हा फेरीबोटीतून जाताना रिचर्डने बोटातली किमती अंगठी पाण्यात फेकून दिली. ठरलेले कार्यक्रम सोडून तो मायदेशी परतला आणि अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल येथील ओकवुड कॉलेजात ईश्वरविज्ञान शिकू लागला. हे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे विद्यालय. त्याने लग्न केले, गावोगाव वचन सांगितले, केवळ भक्तिगीतांच्या रेकॉर्डी काढल्या. वय अवघे पंचवीस. कीर्तीच्या शिखरावरून असा उतरणारा माणूस विरळा, आणि त्या अंगठीचे आम्हाला खरोखर मोल वाटते. आम्ही स्वतः कराराच्या नोकरीतली एक बढतीही कधी पाण्यात टाकलेली नाही.

परंतु पाच वर्षांनी काय झाले? १९६२ साली इंग्लंडच्या दौऱ्याचे बोलावणे आले. रिचर्ड भक्तिगीते गायच्या तयारीने गेला. पहिल्या प्रयोगात गायिलाही. लोक रॉक अँड रोल ऐकायला आलेले. ते थंड बसले. सोबत सॅम कुक होता, तोही पाळकाचा मुलगा, भक्तिगीते सोडून बाहेर पडलेला. त्याने सभागृह डोक्यावर घेतले. पुढच्या खेळाला रिचर्डने भक्तिगीते बाजूला ठेवली आणि जुनी किंकाळी फोडली. त्याच ऑक्टोबरात लिव्हरपूलजवळ त्याच्या कार्यक्रमाआधी चार पोरांचे पथक वाजवून गेले, त्यांचे नाव बीटल्स. त्यांतल्या पॉल मॅकार्टनीने त्याचा तो 'व्हू' उचलला. मॅरियन विल्यम्स बाईंचा चर्चमधला उद्गार अशा रीतीने सगळ्या पृथ्वीवर गेला, आणि तो कोणाचा हे बहुतेकांना माहीत नाही.

येथून पुढे रिचर्डचे आयुष्य म्हणजे झोपाळा. १९७०नंतरची वर्षे कोकेन आणि हेरॉइनमध्ये गेली. जवळची माणसे एकामागून एक मेली, त्यांत भाऊ टोनी होता. १९७७मध्ये तो पुन्हा देवाकडे वळला, वचन सांगत फिरू लागला, बायबल विकू लागला. १९७९मध्ये भक्तिगीतांची नवी रेकॉर्ड आली. रॉक अँड रोल आणि देव यांना एकत्र चालता येणार नाही, असे तो त्या काळात मोठ्याने सांगत असे. १९८६ साली तो परत मंचावर आला. त्याच वर्षी निघालेल्या 'लाइफटाइम फ्रेंड' या रेकॉर्डमध्ये त्याने त्याच ठेक्यावर विश्वासाचा संदेश गाण्याचा प्रयत्न केला. मग वर्षानुवर्षे जुनीच गाणी. आणि २०१७मध्ये, थकल्या शरीराने, अ‍ॅडव्हेंटिस्टांच्या एका दूरचित्रवाहिनीवर बसून त्याने मागचे सारे जीवन पुन्हा एकदा नाकारले.

अशा माणसाला डळमळीत म्हणणे अगदी सोपे आहे. एलीयाने कर्मेल डोंगरावर विचारलेला प्रश्न त्याच्या तोंडावर फेकता येतो, आणि अमेरिकेत तो अनेकांनी फेकलाही असेल. पण दावीदाच्या अध्यायाशी ताडून पाहिले तर आम्हाला निराळे दिसते. रिचर्ड उज्जाच्या खळ्यापर्यंत आला होता. देवाचे भय त्याला खरोखर कळले होते. जळती इंजिने, आकाशातला अग्नी, शेवटचा दिवस. भय हा ज्ञानाचा आरंभ आहे, हे नीतिसूत्रांनी आपल्याला शिकविले आहे, आणि उज्जाचा प्रसंग कोणी पुसू नये. देवाच्या पवित्रतेला सहज हात घालणाऱ्यांत आजचे काही 'वर्शिप बँड'वालेही येतात, ज्यांना धुराचे यंत्र आधी हवे असते आणि प्रार्थना मागाहून. परंतु दावीद खळ्यावर राहिला नाही. तीन महिन्यांनी त्याला ओबेद-अदोमाच्या घरची बातमी लागली. ज्या कोशाने उज्जा मेला, तोच कोश एका साध्या घरात सुखाने राहतो आहे, आणि त्या घराचे सर्व काही, आतबाहेर, आशीर्वादित झाले आहे. ही बातमी ऐकून दावीद नाचला.

रिचर्डला ही बातमी कोणी नीट सांगितली नाही, असे आम्हाला वाटते. त्याला सांगण्यात आले, आणि त्याने ते मनापासून मानले, की तुझा आवाज बाहेर ठेव आणि मग आत ये. तो प्रत्येक वेळी आवाज बाहेर ठेवून आत आला. बाहेर ठेवलेला आवाज त्याला पुन्हा हाका मारी. मग तो उठून जाई, कारण तो आवाज म्हणजे तोच होता. पापे सोडायला हवी होती यात शंका नाही. मद्य, कोकेन, भोग यांना ओबेद-अदोमाच्या घरात जागा नाही. पण पाप आणि घसा या दोन वस्तू त्याच्यासाठी कोणी वेगळ्या केल्या नाहीत.

त्याच पिढीतला दुसरा एक गायक पाहा. क्लिफ रिचर्ड, ज्याचा जन्म १९४० साली आपल्या लखनौला झाला. १९६६ साली लंडनमध्ये बिली ग्रॅहम यांच्या सभेत त्याने आपला विश्वास जाहीर केला. त्यालाही वाटले की आता गाणे सोडून शाळेत धर्मशिक्षण द्यावे. पण त्याने गाणे सोडले नाही. लोकगीते गात राहिला आणि सुवार्तागीतेही. तो रिचर्डपेक्षा चांगला माणूस, असा आमचा मुद्दा नाही. त्याच्या बापाने त्याला घराबाहेर काढले नव्हते.

आणि आपले स्वतःचे काय? ना. वा. टिळकांची भजने आपण आज डोळे मिटून म्हणतो. टाळ, तबला, अभंगाची चाल हे सर्व एके काळी देवळातले आणि कीर्तनातले होते, मिशनच्या ऑर्गनपुढे ते किती परके वाटले असेल! तेव्हाही कोणी तरी खिडकीत उभे राहून नाक मुरडले असेलच. आज त्याच टाळांना आपण आपली परंपरा म्हणतो आणि गिटारकडे बोट दाखवतो. स्तोत्र १५० मध्ये झांजांचा उल्लेख दोनदा आहे, आणि त्या हळू वाजणाऱ्या नव्हेत.

आता आमचे गप्प राहणे. सुमारे चौदा वर्षांपूर्वी आमच्या सीमाभागातल्या मंडळीत आम्ही गायनवृंदाचे काम पाहत होतो. ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच हाती आली होती, आणि ती आमच्या डोक्यात जरा जास्तच भिनली होती. एक सतरा वर्षांचा मुलगा नाताळच्या सरावाला विजेची गिटार घेऊन आला. उधारीवर घेतलेली होती. आपल्याच गीतपुस्तकातले एक गीत त्याने वाजवून दाखविले, खरे सांगायचे तर सुंदर वाजविले, मध्ये दोन जागा अशा घेतल्या की मुली हसू लागल्या. आम्ही सर्वांसमोर म्हणालो, "अरे, हे काय तमाशाचे थिएटर आहे? उद्यापासून हे घेऊन येऊ नकोस." तो म्हणाला, "बरं काका." गिटार पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि नंतरही आला नाही. पुढे तो लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या एका पथकात गेला, दुसऱ्या शहरात राहू लागला. त्याची आई अजून दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसते. तिने आम्हाला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, "भाऊ, तो पितो म्हणतात. तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करा." आम्ही हो म्हणालो. आणि व्यासपीठावरून उज्जावर किमान तीनदा बोललो.

आम्ही त्या दिवशी उज्जाच्या बाजूला उभे राहून बोलतो आहोत असे समजत होतो. पण आम्ही होतो खिडकीत. मीखल वाईट स्त्री नव्हती. तिच्या बापाच्या राजवाड्यातली रीत तिला ठाऊक होती, राजाने कसे वागावे हे ठाऊक होते. आणि तिच्याविषयी अध्यायाचे शेवटचे वाक्य काय आहे ते आपण सर्व जाणतो. मरेपर्यंत तिला मूल झाले नाही. गायनवृंदात आज सात जण आहेत. सर्वांत लहान एक्केचाळीस वर्षांचे.

लिटल रिचर्डचे दफन कोठे झाले ते वाचून आम्ही थोडा वेळ कागद हातात धरून बसलो होतो. हंट्सव्हिलला, ओकवुडच्याच स्मशानभूमीत. पंचविसाव्या वर्षी अंगठी पाण्यात टाकून तो ज्या दारात आला होता, तेथेच त्याला आणून ठेवले. न्याय करणारा प्रभू आहे.

बैठकीनंतरच्या आठवड्यात आम्ही त्या मुलाच्या आईकडून नंबर घेतला आणि फोन केला. मुलगा कसला, आता तो एकतीस वर्षांचा आहे. आम्ही आधी माफी मागितली. बराच वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही, वाटले फोन कट झाला. मग तो म्हणाला, "काका, डिसेंबरात लग्नांची गर्दी असते. चोवीस तारखेला सुट्टी मिळते का ते मालकांना विचारतो." आम्ही म्हणालो, "विचार. आणि गिटार घेऊन ये." वडीलधाऱ्यांशी अजून बोलणे झालेले नाही. ते येत्या रविवारी आहे.